मागणी नाही

१२ मार्च

आकडेबाई,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. आज सकाळी तुझ्या कार्यालयाचा अहवाल आमच्या केंद्रात आला, आणि तो वाचल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पान नऊ. "या परिसरातील स्त्रियांमध्ये गर्भनिरोधनाच्या नवीन साधनांबद्दल रस आढळला नाही. मागणी नाही." आणि लगेच खाली, तीन महिन्यांच्या इंजेक्शनांचा पुरवठा एप्रिलपासून दुसऱ्या केंद्रांकडे वळवण्यात येत आहे. बाईला स्वतःची स्वतःला टोचता येते ती नवी छोटी सुईसुद्धा आता तिकडेच जाणार, आमच्याकडे नाही.

मागणी नाही! अगं, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी दुपारी एक ते दीड माझ्या बाकावर येऊन बस. जागा मिळाली तर बस. जेवणाच्या सुट्टीत बायका धापा टाकत येतात, पडद्यामागे जातात, दंड पुढे करतात, दोन मिनिटांत बाहेर. कुणी सांगते खोकल्याचं औषध न्यायला आले, कुणी सांगते मुलाचं वजन करायला आले, आणि मूल बरोबर आणलेलंच नसतं!

माझ्या डब्याबद्दल तुला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगते. औषधांच्या फ्रिजमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात एक्केचाळीस कार्डं आहेत. नियम असा की सुई घेणाऱ्या बाईने आपलं कार्ड घरी न्यायचं. या एक्केचाळीस जणींनी नेलं नाही, कारण घरी कार्ड सापडतं. गादीखाली ठेवा, पिठाच्या डब्यात ठेवा, सापडतं. एकीचं बाळाच्या झबल्याच्या घडीत सापडलं, त्यानंतर ती कधीच आली नाही. म्हणून मी कार्डं ठेवून घेते. वर नाव नाही, जिने तिने स्वतःला ठेवलेलं टोपणनाव आहे. चष्मा, कात्री, बटण, 'म्हातारी' (ही अवघी पंचविशीची आहे).

तुमची माणसं घरोघर गेली, म्हणाली कार्ड दाखवा. कार्ड नाही, म्हणून 'वापर नाही'. झालं. एक्केचाळीस बायका एका फटक्यात पुसून टाकल्यात. पान नऊवरचं ते वाक्य कोणी लिहिलं? मला त्या शहाण्याचं नाव हवं.

हे फोनवर बोलता येत नाही. केंद्रातला फोन बाकापासून दोन हातांवर आहे, आणि घरचा फोन माझ्याआधी सगळं घर ऐकतं. तेव्हा पत्रच. वाच आणि फाडून टाक.

सुईताई


२१ मार्च

प्रिय ताई,

मी मात्र 'प्रिय' लिहिते हं. लहानपणी तू माझी वेणी इतकी घट्ट घालायचीस की डोळे बारीक व्हायचे. तुझं पत्र वाचताना तसंच झालं.

चिडू नकोस. ते वाक्य कुणा एकाचं नाही, कार्यालयाचं आहे. आमची पद्धत ठरलेली आहे. घरी जायचं, घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची, म्हणजे पुढे तक्रार नको. मग बाईला प्रश्न विचारायचे आणि कार्ड डोळ्यांनी पाहायचं. न पाहिलेलं कार्ड मोजलं तर उद्या कुणीही म्हणेल आमच्याकडे हजार कार्डं आहेत. तू नियम मोडून कार्डं डब्यात कोंबलीस, ताई, आणि आता दोष आम्हाला देतेस.

आणि आम्ही काही हवेतून आकडे काढत नाही. डिसेंबरात मी आले होते ना, तेव्हा सुरुवात आमच्याच घरापासून केली. आईने सही केली. वहिनी कामावरून नुकतीच आली होती, बोटांना अजून दोऱ्याचे रंग लागलेले. दिवसभर शर्टांना बटणं लावून जीव जातो म्हणाली. तिला विचारलं, "नवीन एखादं साधन मिळालं तर वापराल का?" ती हसली, म्हणाली, "मला काय करायचंय ते." आईही हसली. आम्ही तिघी हसलो. आता माझी सख्खी वहिनी माझ्याशी खोटं बोलेल का, सांग.

एक काम कर. त्या एक्केचाळीस जणींची नावं आणि पत्ते पाठव. मी वरच्या साहेबांपुढे ठेवते. बघू काय होतं ते.

तुझी
आकडेबाई (हे नाव मला आवडलं)


३० मार्च

आकडेबाई,

नावं मिळणार नाहीत. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाहीत. पत्ते तर सोडूनच दे.

मला एवढंच सांग, तू विचारलंस तेव्हा तुझी आई, माझी मावशी, कुठे बसली होती? बाहेर? की त्याच खोलीत, तिच्या नेहमीच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, फॉर्मवर सही केलेलं पेन हातात धरून? आणि तुझा दादा? तो बाहेरच्या खोलीत असेल, दार उघडं असेल. तुमच्या घराचं ते दार कधी बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. अशा वेळी बाईने काय म्हणायचं असतं? तू सात वर्षं हेच काम करतेस, आणि हे मी तुला शिकवायचं?

बायकांना काय हवं ते मला विचार. ते कुठल्याही फॉर्ममध्ये नाही. 'चष्मा' म्हणते, गोळी चांगली, पण पाकीट वाजतं. 'कात्री'ला सुई चालते, पण सुईने तिची पाळी पुढेमागे होते, आणि तिच्या घरी सासू दिवस मोजत बसते. तिला असं काही हवं की अंगात असावं आणि कॅलेंडरला कळू नये. 'म्हातारी' म्हणते, ताई, तुम्ही सगळं आम्हालाच टोचता, एकदा यांना टोचा की. बाक हसून हसून हललं. मी पण हसले, पण बाई खरंच बोलत होती. आणि त्या छोट्या सुईबद्दल सांगितलं तेव्हा तर सगळ्या माझ्याभोवती जमल्या. एकीने विचारलं, म्हणजे न्हाणीघराची कडी लावून घेता येईल? कुणाला न विचारता? मी हो म्हटलं. ती रडायला लागली. हे तुझं 'रस आढळला नाही'!

आता मुद्द्याचं. माझ्याकडे एकीची तारीख दहा मे आहे. कार्डावर 'बटण'. तीन मुलं. तिसऱ्या वेळी इतकं रक्त गेलं की दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चौथं झालं तर बाई वाचेलच असं नाही. ऑपरेशनला दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात, आणि तिचा नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही, फक्त म्हणतो "बघू". दोन वर्षं झाली त्याच्या 'बघू'ला. औषधाचं दुकान त्याच्या मित्राचं आहे. तिला माझी सुई सोडून काही नाही.

दहा मेच्या आत चार आठवड्यांचा साठा पाठव. एक खोकं. तुझ्या साहेबांच्या हातापाया पड, चोर, काहीही कर. आणि 'बघू' हा शब्द मला पुन्हा लिहून पाठवू नकोस.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. साहेब दौऱ्यावर होते. आले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, अहवाल मंजूर झालाय, आता एका केंद्रासाठी उघडला तर सगळेच उघडा म्हणतील. मी खूप सांगितलं. खरंच सांगितलं. साठा मिळणार नाही, ताई. माफ कर.

त्या तुझ्या 'बटण'बाईला शहरात घेऊन ये ना. माझ्याकडे उतरवून घेते, इथल्या दवाखान्यात दाखवू. ती आहे तरी कोण? मी ओळखते का?

जाऊ दे, तुला हसवते. परवा वहिनीचा फोन आला. स्वतःहून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कामावरून, वर्कशॉपच्या फोनवरून, एकदम हळू आवाजात. विचारत होती, शहरातल्या दुकानात ते तीन महिन्यांचं इंजेक्शन मिळतं का, 'माझ्या कामावरच्या एका मैत्रिणीसाठी'. मी म्हटलं, अगं, मैत्रिणीला सांग आमच्या ताईकडे जा, ती या कामात पंडित आहे. तर फोनच ठेवला तिने, लाजली असेल. संध्याकाळी आईशी बोलताना मी सांगितलं, बघ, तुझी सून मैत्रिणींची डॉक्टर झाली. आई काहीच बोलली नाही. तिला आजकाल नीट ऐकूही येत नाही बहुतेक.

तुझी
आकडेबाई


२७ एप्रिल

बाई,

मावशीला उत्तम ऐकू येतं.

ती मंगळवारी सव्वाएकला केंद्रात आली. बाकावर नऊ बायका होत्या. तुझा दादा मागे, दारात, चपला न काढता उभा. मावशी थेट फ्रिजपाशी गेली आणि म्हणाली, "माझ्या सुनेचं कार्ड कुठंय?" मी म्हटलं, इथे कुणाच्या सुनेचं काही नसतं. ती म्हणाली, "तुला मी मांडीवर खेळवलंय. माझ्या घरात सुई खुपसतेस?" आणि तिने डबा शोधला नाही, पण बाकावरची एकेक बाई नीट बघून घेतली. एकेकीचं तोंड. शुक्रवारी बाकावर तिघीच होत्या.

कळलं का आता 'बटण' कोण ते? तीन मुलांची, दोन दिवस कुणाला न ओळखणारी, ती तुझी वहिनी आहे! तिसऱ्या बाळंतपणात ती आपल्या माणसांना ओळखत नव्हती तेव्हा तू तिच्या उशाशी बसली होतीस. डॉक्टर बोलले ते तूही ऐकलं होतंस. आणि तीन वर्षांनी तू तिला सासूसमोर विचारलंस की काही हवंय का, आणि ती हसली, आणि तू ते हसणं लिहून घेतलंस.

मी तिला शब्द दिला होता की घरात कुणाला कळणार नाही. तुलाही नाही, 'तुला तर मुळीच नाही' असं ती म्हणाली होती, कारण वन्सं मनाच्या चांगल्या आहेत पण तोंडाच्या मोकळ्या. मीही कमी मूर्ख नाही. पत्रात 'बटण' लिहिलं, तिची सगळी कहाणी लिहिली. तुला कळलं असतं तरी पाप, नाही कळलं तरी पाप. पण तुला कळलंही नाही, आणि जे कळलं नाही तेच तू आईला विनोद म्हणून सांगितलंस. कुणाच्या जिवावर कुणी विनोद केलेले मी आजवर पुष्कळ पाहिलेत, असा पाहिला नाही.

वहिनीचं काम सुटलं. सुटलं म्हणजे सोडायला लावलं. आता ती घराबाहेर पडते ती मावशीबरोबर.

आणि ऐक. पलीकडच्या केंद्रातल्या सिस्टरच्या मी पाया पडले. तिने तिच्या साठ्यातून एक कुपी दिली. एकच. फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवली आहे. दहा मेला औषध आहे, सुई आहे, मी आहे. फक्त तिचा दंड इथपर्यंत यायचा आहे. ते आता तू जमव.

ताई


१४ मे

ताई,

मी जाऊन आले. तुझ्याकडे न येता परत आले, कारण तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

तीन दिवस राहिले. तीन दिवसांत वहिनीशी एक मिनिट एकटीने बोलता आलं नाही. स्वयंपाकघरात आई, अंगणात आई, न्हाणीघराच्या दाराशी बादली घेऊन आई. तिला बाजारात नेते म्हटलं, तर आईने आधीच चप्पल घातली. दादाला बाहेर गाठून सांगितलं, तिच्या जिवाचा प्रश्न आहे रे. तो म्हणाला, "बघू. तू आईशी बोल." आईशी बोलले. ती म्हणाली, "मला सात झाली. तीन गेली. मला विचारलं होतं का कुणी?" मी म्हटलं, नव्हतं विचारलं, म्हणून तर. ती म्हणाली, "मग हिलाच का विचारायचं?" आणि उठून गेली. मला तिचा इतका राग आला, ताई, आणि त्याच वेळी सात बाळंतपणांनी फेंगडे झालेले तिचे पाय बघून रडू आलं. दोन्ही एकदम येतं हे मला माहीत नव्हतं.

ती नवी छोटी सुई माझ्या पर्समध्ये असती, तर निघताना वहिनीचा हात हातात घेऊन मुठीत ठेवून दिली असती. एवढीच तर जागा लागते तिला. कडी लावून तिचं तिने केलं असतं. ती सुई आता दुसऱ्या केंद्रात जाते आहे, माझ्या अहवालामुळे.

माझ्या. पान नऊवरचं वाक्य मी लिहिलंय. तू नाव मागितलं होतंस, मी 'कार्यालयाचं' म्हणून सांगितलं. माझ्यापुढे इतर घरांचे कागद होते, थोडी शंकाही आली होती की सगळ्याच बायका एकाच सुरात 'नको' कशा म्हणतात. तेव्हा मला वहिनीचं हसणं आठवलं, आणि मी बिनधास्त लिहून टाकलं.


२ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

हे पत्र मी केंद्रात बसून लिहिते आहे. कागद आणि पेन ताईंचं. आता मला केंद्रात यायची पूर्ण मोकळीक आहे, दर महिन्याला यायचं आहे. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत, तपासणीला वेळ लागतो एवढं त्यांना माहीत आहे. तिसरा महिना संपला.

तुमची पैशांची पाकिटं मिळाली, फळं मिळाली. पुन्हा पाठवू नका.

तुम्ही मला त्या दिवशी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर राहिलं आहे. तेव्हा मी हसले, कारण दुसरं काय करणार होते? तुम्ही फॉर्म मांडीवर घेऊन माझ्या डोळ्यांत बघत होतात. मला वाटलं, वन्सं शिकलेल्या आहेत, यांना कळेल. दोन दिवस वाट पाहिली, की तुम्ही मागच्या अंगणात येऊन हळूच पुन्हा विचाराल. तुम्ही कपडे घ्यायला बाजारात गेलात.

फोनवर मैत्रीण म्हटलं, तेव्हाही वाटलं कळेल. माझी मैत्रीण कोण आहे? घर ते वर्कशॉप, वर्कशॉप ते घर. मला मैत्रीण असती तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता?

तर उत्तर असं. मला हवं होतं. जे असेल ते हवं होतं, नवं, जुनं, दुखणारं, न दुखणारं. फक्त माझं एकटीचं असायला हवं होतं. लिहून घ्या. आणि पुढच्या घरी जाल तेव्हा आधी सासूला बाहेर पाठवा, नाहीतर प्रश्नच विचारू नका. खोटं बोलायला लावून वर ते छापता, याची मला फार चीड येते.

मुलांना सांभाळायची वेळ आली तर धाकटीला एकटीला झोपवू नका. ती घाबरते.

तुमची वहिनी


२३ मे

बाई,

गेल्या वर्षभरातली तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं. फॉर्ममध्ये एक नवा रकाना घालायला निघाली होतीस, 'विचारताना खोलीत कोण होतं', तो साहेबांनी कापला म्हणतेस. का, तर फॉर्म एका पानात बसत नाही. मी ते बाकावरच्या बायकांना वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही.

वहिनी वाचली. हे आधी लिहिते, म्हणजे तू खाली बसशील. मुलगी झाली, तीही ठीक आहे. रक्त थांबत नव्हतं. तुझ्या दादाला सही करायला बोलावलं तेव्हा या वेळी त्याने 'बघू' म्हटलं नाही, कागद न वाचताच सही केली. दोन वर्षांपूर्वी ती सही केली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पिशवी काढली. सात बाटल्या रक्त चढवलं. ती आता सगळ्यांना ओळखते. मला ओळखलं, मावशीला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मावशी बाहेर येऊन माझ्या बाजूला बसली आणि म्हणाली, "तुझ्याकडे शेजारणीच्या सुनेचं कार्ड असेल तर नीट ठेव." मला अजून तिच्याशी बोलता येत नाही.

डब्यात आता एकोणीस कार्डं उरली आहेत. बाकीच्या कुठे गेल्या मला माहीत नाही, आणि तुझ्या कार्यालयाला तर मुळीच माहीत नाही. 'बटण'चं कार्ड मी आज फाडलं. ती एक कुपी, मुदत उलटून गेलेली, तीही फेकली.

पुढच्या महिन्यात तुमची माणसं पुन्हा घरोघर येणार असं ऐकते. तुमच्या घरी येतील तेव्हा मावशी सही करेल, वहिनी दारात येईल, कुणी विचारेल, नवीन एखादं साधन मिळालं तर वापराल का. ती नको म्हणेल. या वेळी ते खरं असेल. नीट लिहून घ्या, 'नको'चा रकाना तयारच आहे. मागणी नाही.

ताई